जोडीदाराचा रकाना

माणसाला काका म्हणवून घ्यायला तशी हरकत नसते. हरकत असते ती शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दादा म्हटलं जाण्याला. पाणीपुरवठा कार्यालयाच्या माहिती विभागात रकानेकाका म्हणून ओळखले जाणारे एक गृहस्थ होते. डेटाबेसमधले रकाने हा त्यांचा जीव की प्राण, म्हणून 'रकाने'. आणि टाळूवरच्या केसांनी वेळेआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, म्हणून 'काका'. त्यांच्या शेजारी हल्लीच मुख्य कार्यालयातून बदली होऊन एक जण आला होता. काकांपेक्षा जेमतेम तीन वर्षांनी लहान. पण त्याला अख्खं ऑफिस तोंडावर दादा म्हणायचं आणि पाठीमागे हिरो. आपल्याला पाठीमागे काय म्हणतात, हे काकांनी एकदा वॉटर कूलरच्या आड उभं राहून ऐकलं होतं. पाठीमागेही काकाच म्हणत होते. निदान तिथे तरी काही वेगळं म्हणायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

हिरोला केस होते. नुसते नव्हते, तर तो हसला की ते कपाळावर यायचे आणि मग तो ते मागे सारायचा, आणि आस्थापना विभागातल्या बायका टाचणीचा डबा शोधायला म्हणून तिथेच घुटमळायच्या. काका या सगळ्याकडे दुर्लक्ष करत. म्हणजे, आपण दुर्लक्ष करतोय ना, याच्याकडे त्यांचं दिवसभर लक्ष असे.

एवढ्यावर भागलं असतं, तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण काकांची बायको बॅडमिंटन खेळायची. (बायकोला मात्र कुणी काकू म्हणत नसे; तिला सगळे ताई म्हणत. नवरा काका आणि बायको ताई हे नातं कुठल्या वंशावळीत बसतं, हे काकांनी कुणाला तरी विचारायचं ठरवलं होतं.) वसाहतीच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी खेळ चाले. काकांचा गुडघा पायऱ्या चढतानाच तक्रार करायचा, म्हणून मिश्र दुहेरीत बायकोला जोडीदार नव्हता. हिरो आला, हॉलमध्ये डोकावला आणि दुसऱ्या दिवसापासून जोडीदार झाला.

"अहो, त्यांचा बॅकहँड बघितलात?" बायको घाम पुसत विचारायची.

"बघितला."

"आपल्याकडे असा बॅकहँड कुणाचाच नाही."

'आपल्याकडे' म्हणजे हॉलमध्ये की घरात, हे तिने कधी स्पष्ट केलं नाही. शिवाय ती हिरोला 'भाऊजी' म्हणत नसे. सरळ नावाने हाक मारायची. 'भाऊजी' या एका शब्दात किती सुख साठवलेलं असतं, हे ज्याच्या बायकोने तो कधी वापरलाच नाही, त्यालाच कळतं. काका रोज गॅलरीत जाऊन बसत आणि डोळ्यांत तेल घालून खेळ बघत. कुणी विचारलं, तर "गुण मोजतोय" म्हणत.

अशात कार्यालयाचा वर्धापनदिन आला. या वर्षी मेळावा सहकुटुंब करायचा, प्रत्येक कर्मचाऱ्याला जोडीदाराच्या नावासकट छापील कार्ड द्यायचं आणि सभागृहात खुर्च्यांनाही नावाच्या चिठ्ठ्या लावायच्या, असं मोठ्या बाईंनी ठरवलं. मोठ्या बाई म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख. त्या बोलायला लागल्या की पाइपातलं पाणीसुद्धा थबकून ऐकतं, असं म्हणत.

"छापखान्याला सगळ्यांची नावं एक्सएमएलमध्ये हवी आहेत," बाई म्हणाल्या. "कोण करेल?" आणि त्यांची नजर हळूहळू हिरोकडे वळू लागली. ती मध्यावर पोहोचायच्या आत काका उभे राहिले. "मी करतो, बाई. दोन तासांचं काम."

दोन तासांचं काम, हे शब्द तोंडातून काढणाऱ्या माणसाला नियतीने आजवर कधी माफ केलेलं नाही.

आता एक्सएमएल म्हणजे काय, तर फारसं काही नाही. डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यात असते. एकेका ओळीत एकेक माणूस, आणि उभे रकाने: नाव, हुद्दा, पत्ता, जोडीदाराचं नाव. तीच माहिती एक्सएमएलमध्ये नेताना प्रत्येक गोष्टीला पुढून एक आणि मागून एक पाटी लावायची. इथे नाव सुरू, इथे नाव संपलं. इथे जोडीदार सुरू, इथे जोडीदार संपला. संसारात इतकी स्पष्टता असती, तर वकिलांना उपाशी मरावं लागलं असतं.

काकांनी क्वेरी लिहिली, म्हणजे डेटाबेसकडून हवी ती माहिती मागवायचा हुकूम. माणसं कुठल्या क्रमाने यावीत? अकारविल्हे लावावं तर हिरो वर जात होता. काकांनी ठामपणे विभागवार आणि ज्येष्ठतेनुसार क्रम लावला. आता माहिती विभागात पहिलं नाव काकांचं आणि त्याच्या बरोब्बर खाली हिरोचं. ते दृश्य त्यांनी थोडा वेळ पाहिलं. चहा गार झाला तरी पाहिलं.

मग त्यांचं लक्ष गेलं हिरोच्या ओळीतल्या शेवटच्या रकान्याकडे. जोडीदाराचं नाव: रिकामं.

रिकामं म्हणजे काय? लग्न झालेलं नाही? झालंय, पण भरलं नाही? रिकाम्या रकान्याचं हेच वाईट असतं. 'नाही' असं लिहिलेलं असेल, तर त्या 'नाही'शी माणूस दोन हात करू शकतो. रिकामा रकाना नुसता बघत राहतो. 'माहीत नाही' आणि 'नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे काका नवीन लोकांना प्रशिक्षणात शिकवायचे. पण स्वतःच्या बायकोच्या बॅडमिंटन जोडीदाराचा रकाना रिकामा दिसला, की ते प्रशिक्षण कुठल्या कुठे जातं. मोकळा आहे, त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. मोकळा आणि वर बॅकहँड.

अशा रिकाम्या जागा बऱ्याच होत्या. अविवाहित होते, विधुर होते, आणि भरायचा कंटाळा केलेले तर उदंड. काकांच्या प्रोग्रॅमने अशा प्रत्येक जागी डेटाबेसच्या रिवाजाप्रमाणे 'NULL' हा शब्द जशाच्या तसा लिहून फाइल छापखान्याला धाडली. नमुन्याची कार्डं आली. मोठ्या बाईंनी काकांना बोलावलं.

"हे वाचा."

काकांनी वाचलं. बाईंच्या नावापुढे छापलं होतं, 'आणि श्री. नळ'.

"या खात्यात माझं आयुष्य गेलं, हे खरं आहे," बाई अत्यंत शांतपणे म्हणाल्या. "पण नळाशी लग्न लावल्याचं मला काही आठवत नाही."

काकांनी छापखान्याला फोन लावला. छापखानेवाल्याचा आवाज खर्जातला आणि समजूतदार होता. "अहो साहेब, आमच्या मशीनने ते 'नल' असं मराठीत केलं. मग आमच्या मुद्रितशोधकाने बघितलं, की कार्यालय पाण्याचं. त्याला वाटलं, तुमच्याकडून टाइपाची चूक झाली. त्याने सगळीकडे ळ केला. शुद्धलेखनाच्या बाबतीत आम्ही फार काटेकोर आहोत."

दुपारपर्यंत बातमी पसरली. अविवाहितांना बघून 'वहिनी गळतायत का?' असं विचारलं जाऊ लागलं. हिरोसुद्धा आपलं कार्ड बघून खदखदून हसला. केस कपाळावर आले. काका आत गेले आणि कूलरचं पाणी प्यायले.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात भेटले. वसाहतीत कुणाच्या घरी काय बिनसलंय, हे त्या घराच्या आधी पोस्टमास्तरांना कळत असे.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "चूक कुठे झाली सांगू? रिकामी जागा ठेवूच नये. आम्ही पोस्टात काय करायचो? रेघ. फर्रकन रेघ ओढायची. म्हणजे मागाहून कुणी त्यात काही घुसडू शकत नाही."

'मागाहून कुणी घुसडू शकत नाही' हे वाक्य काकांच्या काळजाला भिडलं. त्यांनी प्रत्येक रिकाम्या रकान्यात रेघ घातली. छापखान्याच्या यंत्राने जिथे रेघ दिसली, तिथे ती शोभेसाठी आहे असं समजून कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. 'आणि सौ.' हे शब्द त्या रेघेखाली अर्धवट गाडले गेले. भांडारातले वयस्कर विधुर गृहस्थ नमुना हातात घेऊन आले, आणि रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते नुसतं म्हणाले, "काका, ती गेली म्हणून तिला खोडायलाच हवं होतं का हो?"

त्या दिवशी काकांना डबा गेला नाही.

"रेघसुद्धा नको," मोठ्या बाईंनी हुकूम काढला. "ज्यांना जोडीदार नाही, त्यांच्या बाबतीत काहीही छापू नये."

पण कुणाला जोडीदार नाही आणि कुणी रकाना नुसताच भरलेला नाही, हे ठरवायचं कुणी? काका आस्थापना विभागात गेले. तिथल्या हेडक्लार्कने सांगितलं, की रकाना रिकामा आहे याचा अर्थ लावण्याचा अधिकार आस्थापनेला नाही. तो रिकामा आहे एवढंच आस्थापना प्रमाणित करू शकेल. मग परिपत्रक निघालं: ज्यांनी जोडीदाराचा रकाना रिकामा ठेवला आहे, त्यांनी तो रिकामा का ठेवला आहे, ते पुढील जागेत लिहून द्यावे. त्यातल्या निम्म्या लोकांनी ती पुढील जागाही रिकामी ठेवली. बाकीच्यांपैकी एकाने लिहिलं होतं, 'वाट पाहत आहे'. आस्थापनेने त्यावर 'कशाची?' असा शेरा मारून ते परत पाठवलं.

त्यानंतर चहाच्या वेळी हिरो खुर्ची सरकवून काकांजवळ आला.

"काका, एक सुचवू?"

काकांनी बिस्किट चहात बुडवलं आणि बुडवूनच ठेवलं.

"पाटी काढू नका. नाव नसलं, तरी जोडीदाराची पाटी प्रत्येकाला ठेवा आणि आत लिहा 'निल', म्हणजे जाणूनबुजून रिकामी. एक्सएमएलमध्ये तशी सोय असते. पाटीच गाळली, तर पलीकडचा प्रोग्रॅम काय समजेल, ते आपल्याला माहीत नसतं."

सल्ला बरोबर होता. सोळा आणे बरोबर होता, आणि तेच तर असह्य होतं. हाच सल्ला पोस्टमास्तरांनी दिला असता, तर काकांनी त्यांना वाकून नमस्कार केला असता. पण ज्या तोंडाने हा माणूस बायकोला "सुरेख, सुरेख!" म्हणून ओरडतो, त्याच तोंडातून निल? काकांनी बिस्किट वर काढलं. अर्धं आतच राहिलं होतं.

"बाईंचे आदेश स्पष्ट आहेत," ते म्हणाले. "काहीही छापू नये म्हणजे काहीही नको. पाटीसुद्धा नको."

"बघा बुवा," हिरो म्हणाला आणि केस मागे सारत निघून गेला.

काकांनी पाट्या गाळल्या. ज्याला जोडीदार आहे, त्याला पाटी. ज्याचा रकाना रिकामा, त्याला पाटीच नाही. फाइल सुटसुटीत झाली. नमुना मोठ्या बाईंकडे गेला. बाईंनी सर्वांत वरचं कार्ड बघितलं. ते त्यांचंच होतं. नाव, हुद्दा आणि पुढे काही नाही. "आता कसं," बाई म्हणाल्या आणि गठ्ठ्यावर सही केली. वरचं कार्ड बरोबर असेल, तर खालची बरोबरच असणार, हा प्रशासनाचा पायाच आहे. त्याच्यावर कित्येक इमारती उभ्या आहेत आणि काही पडल्यासुद्धा आहेत.

कार्डं छापून आली. शिपायाने सकाळीच ती टेबलाटेबलावर ठेवली. काकांनी आपलं उघडलं: त्यांचं नाव आणि सौ. म्हणून बायकोचं पूर्ण नाव, सोनेरी शाईत. मन भरून आलं. हिरो चहा आणायला गेला होता. त्याचं पाकीट टेबलावर होतं, चिकटवलेलं नव्हतं, आणि काकांचा हात, म्हणजे काका स्वतः नव्हे, नुसता हात, तिकडे गेला.

हिरोचं नाव. आणि सौ. म्हणून, सोनेरी शाईत, काकांच्या बायकोचं पूर्ण नाव.

काकांना आधी वाटलं, आपलंच कार्ड दोनदा बघतोय. मग वाटलं, चष्मा बदलायला झालाय. मग कानात सूं आवाज सुरू झाला. रिकामा रकाना! तो भरला गेला होता! ज्याच्या हाती डेटाबेसच्या चाव्या होत्या, असा या खोलीत दुसरा एकच माणूस होता, आणि तो आत्ता दोन कप चहा घेऊन दारातून येत होता. एक स्वतःसाठी, एक काकांसाठी. साखर कमी घातलेला.

"हे काय आहे?" काकांचा आवाज चिरकला. आजूबाजूची डोकी वर झाली.

हिरोने कार्ड बघितलं. "अरेच्चा," तो म्हणाला.

"अरेच्चा? रकाना भरताना अरेच्चा नाही म्हणालात ते? खेळात जोडीदार झालात, मी ब्र काढला नाही. आता सरकारी तक्त्यातसुद्धा?"

"काका, शांत व्हा. मी काहीही भरलेलं नाही."

"मग आपोआप उगवलं? थांबा. सगळ्यांसमोर दाखवतो." काकांनी खुर्ची ओढली, डेटाबेस उघडला, क्वेरी चालवली आणि विजयी मुद्रेने पडदा लोकांकडे फिरवला. लोकांनी पडद्याकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. मग मागे येऊन उभ्या राहिलेल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तिथे काहीच नाहीये."

काकांनी पडदा आपल्याकडे वळवला. हिरोच्या ओळीतला शेवटचा रकाना रिकामा होता. पहिल्या दिवशी होता तसाच, कोरा करकरीत.

तेवढ्यात वायरमन दाणदाण पावलं टाकत आत आला. त्याच्या हातात चार कार्डं होती आणि मागे, मान खाली घालून, त्याच्या हाताखालचे तीन सडेफटिंग मदतनीस.

"काका, हे काय चाललंय? माझी बायको या तिघांनाही दिलीत! माझ्याकडे एक, या पोरांकडे तीन. मी आता घरी काय सांगू?"

"आम्ही मागितली नव्हती," तिघांपैकी एक पुटपुटला.

पाठोपाठ भांडारातले आजोबा आले. त्यांना लेखापालांची पत्नी मिळाली होती. ते कार्ड त्यांनी टेबलावर ठेवलं आणि ते रुमालाने चष्मा पुसत उभे राहिले.

काकांनी छापखान्याला फोन लावला. "पाटीच आली नाही, तर आमचा प्रोग्रॅम आधीच्या माणसाचं नाव धरून ठेवतो, साहेब," खर्जातला आवाज समजावू लागला. "त्याला वाटतं, नवीन काही सांगितलं नाही म्हणजे मागचंच चालू. आता ज्याच्या वर जो असेल, त्याची बायको..."

पुढचं काकांना ऐकू आलं नाही. हिरोच्या वर कोण असावं, हे कुणी ठरवलं होतं?

हिरो 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला असता, तर काकांना निदान त्याचा राग तरी करता आला असता. तो तेसुद्धा म्हणाला नाही. त्याने काकांचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. "निवतोय," एवढंच म्हणाला.

घरी पोहोचेपर्यंत जिन्यात पोस्टमास्तर भेटायचेच होते. "कळलं," ते काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "काही बोलावंसं वाटलं, तर मी वरच आहे."

दार बायकोने उघडलं. तिचे डोळे हसून हसून ओले झाले होते. "अहो, मी एका वेळी दोन खुर्च्यांवर बसू तरी कशी?" आस्थापनेतल्या कुणीतरी तिला फोन करून कार्डाचं सांगितलं होतं. काकांना हायसं वाटलं. तेही हसले. आणि हसता हसता, माणूस हायसं वाटल्यावर जो मूर्खपणा करतो, तो त्यांनी केला. ऑफिसात काय झालं, ते सगळं सांगून टाकलं. अगदी 'सरकारी तक्त्यातसुद्धा'सकट.

बायकोचं हसू थांबलं.

"म्हणजे तुम्हाला खरंच वाटलं, की त्यांनी माझं नाव भरलं?"

"तसं नाही गं..."

"आणि मला चालेल, असंही वाटलं."

"अगं, तो रकाना रिकामा होता, म्हणून मी..."

"म्हणून तुम्ही मनाला येईल ते भरलंत. एकदा मला विचारावंसं नाही वाटलं?"

बायको स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर ती बोलत होती, नाही असं नाही. पण "दूध संपलंय" आणि "गिझर बंद करायचा राहिलाय" एवढंच, आणि तेही फ्रिजकडे तोंड करून. संध्याकाळी रॅकेट घेऊन ती हॉलकडे निघाली, तेव्हा काका चपला घालू लागले. "गुण मोजायला दुसरं कुणी आहे," ती म्हणाली.

बाईंनी काकांना ऑफिसातून काढलं नाही. त्याहून वाईट केलं. कार्डं पुन्हा छापून घ्या आणि प्रत्येकाच्या हातात स्वतः नेऊन द्या, म्हणाल्या, "आणि या खेपेला दादांना विचारून करा."

काकांनी मान तुकवली आणि खुर्ची हिरोच्या टेबलाकडे ओढली. एका फुटाचं ते अंतर त्यांना फार लांब वाटलं.

"ते निल कसं लिहायचं, जरा दाखवा," ते कीबोर्डकडे बघत म्हणाले.

हिरोने दाखवलं. एका ओळीचं काम होतं. ज्याचं नाव नाही, त्यालाही आता पाटी मिळाली. आत नाव नाही आणि वर खूण, की ही जागा चुकून रिकामी राहिलेली नाही. दोघं मिळून एकेक ओळ तपासत खाली आले. हिरोची ओळ आली, तशी काकांची बोटं थांबली.

"तुमचं काय लिहू?" त्यांनी विचारलं. या प्रश्नासाठी पहिल्या दिवसापासून त्यांचा जीव तळमळत होता; पण आज विचारताना त्यांना खालची फरशी बघावीशी वाटली.

"लग्न झालंय माझं, काका. ती तिकडेच आहे, आमच्या जुन्या घरी. मी बदली घेतली, ती आली नाही. येते असंही म्हणत नाही, येत नाही असंही म्हणत नाही. मेळाव्याचं कळवलंय तिला. मग मी काय भरणार? नाव लिहिलं तर खोटं, नाही लिहिलं तरी खोटं."

काकांनी कीबोर्डवरची बोटं मागे घेतली.

"पाटी तेवढी राहू द्या," हिरो म्हणाला. मग एकदम हसला, पण केस मागे सारायचं विसरला. "खरं सांगू? तुमचा मला हेवा वाटतो. ताई प्रत्येक गुण झाला की गॅलरीत बघतात, तुम्ही बघितलंत का ते? मी तिकडे उभा असतो आणि माझ्याकडे बघायला कुणी नसतं."

काका आठवू लागले. बायको प्रत्येक गुणानंतर वर बघत होती? ते स्वतः रोज तिथेच तर होते. डोळ्यांत तेल घालून बसलेले. पण प्रत्येक गुणानंतर ते हिरोकडे बघत होते.

त्या संध्याकाळी ते बोलावल्याशिवायच हॉलमध्ये गेले. बायकोने शटल असं काही आपटलं, की पलीकडच्यांना हलता आलं नाही. तिने नकळत मान वर केली. काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. बायकोने घाईने तोंड फिरवलं. पण घरी आल्यावर "दूध संपलंय" हे ती फ्रिजऐवजी त्यांच्याकडे बघून म्हणाली. काका आनंदाने चार पिशव्या घेऊन आले.

मेळाव्याच्या दिवशी सभागृहात खुर्च्यांवर चिठ्ठ्या बरोबर लागल्या होत्या. वायरमनची बायको फक्त वायरमनशेजारी होती. भांडारातल्या आजोबांच्या शेजारची चिठ्ठी कोरी होती आणि तिच्यावर त्यांनी आपली शाल घडी करून ठेवली होती. हिरोच्या शेजारचीही कोरी. हिरो सारखा दाराकडे बघत होता.

कोरी चिठ्ठी लावलेली खुर्ची ही जनतेला मोकळी खुर्ची वाटते. आधी पोस्टमास्तर आले. त्यांना कुणीही बोलावलेलं नव्हतं. "इथे बसतो," म्हणाले.

"इथे नाही," काका आडवे आले.

"रिकामी तर आहे."

"रिकामी नाही. अजून माहीत नाही, एवढंच."

पोस्टमास्तर काकांकडे काळजीने बघत पुढच्या रांगेत गेले. मग तीन मदतनिसांपैकी एक आला. त्याला काकांनी दंडाला धरून उठवलं. मग मोठ्या बाई खुद्द मुख्य पाहुण्यांना घेऊन आल्या. पाहुणे वाकले, आणि काकांनी आपला दुखरा गुडघा खुर्चीवर टेकवून अख्खी जागाच अडवली. "बाई," ते म्हणाले, "या माणसाचं उत्तर अजून यायचंय." बाईंनी काकांकडे बघितलं. हिरोकडे बघितलं. मग पाहुण्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. पलीकडून बायको हे सगळं बघत होती. तिने काकांकडे पाहून डोळे असे काही मिटून उघडले, जसे कित्येक वर्षांत उघडले नव्हते.

दिवे मंद झाले. पहिलं भाषण सुरू झालं. दुसरंही झालं. काका गुडघा टेकवून उभेच. आणि तिसऱ्या भाषणात, प्रवासाची बॅग खांद्यावर घेतलेली एक बाई दारातून आत आली, रांगांमधून चाचपडत पुढे सरकली आणि काकांजवळ थांबून हळूच म्हणाली, "ही जागा कुणाची आहे?"

हिरो ताडकन उभा राहिला. त्याच्या तोंडातून शब्द फुटेना, म्हणून काकांनीच गुडघा उचलला, रुमालाने खुर्ची झटकली आणि म्हणाले, "तुमचीच. बसा, वहिनी."

ती बसली. हिरोने तिची बॅग घेतली आणि मांडीवर धरून बसला, जणू कुणी ती परत नेईल. काकांचा ऊर भरून आला. आता त्यांच्या मनात कुणाविषयी काहीही नव्हतं. मत्सर नाही, हेवा नाही, अगदी त्या बॅकहँडबद्दलसुद्धा काही नाही. अशा निर्मळ अवस्थेत ते आपल्या खुर्चीकडे निघाले.

त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. कुरळ्या केसांचा, ऐटबाज, कोटाच्या खिशात रुमालाचं टोक. तो बायकोच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता आणि बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

"अहो, हे छापखान्याचे मालक," ती काकांना बघून म्हणाली. "नळाची गोष्ट सांगतायत. किती छान सांगतात हो! पोट दुखलं हसून."

"आपण फोनवर बोललो आहोत," खर्जातला आवाज म्हणाला. त्या आवाजाला इतके केस असतील, अशी काकांनी कल्पनाही केली नव्हती. "तुम्ही येत नाही असं वाटलं, म्हणून बसलो. बाय द वे, ताई सांगत होत्या, त्या बॅडमिंटन खेळतात. मीसुद्धा खेळतो."

काका उरलेली सगळी भाषणं भिंतीला टेकून उभे राहिले. गुण मोजायला आता नव्याने सुरुवात करावी लागणार होती.